सातच्या बातम्या

४ ऑक्टोबर
आज दुपारी जुनं प्रसारण बंद झालं. महिनाभर टीव्हीच्या पडद्याखाली पट्टी फिरत होती, तरी मला वाटायचं, पुढे ढकलतील. नाही ढकललं. शिलाई मशीनवर पडद्याची झालर घालत होते, मान वर केली तर चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या.

नव्या प्रसारणाला लागणारा डबा आधीच आणून ठेवला होता. यांनी वायर जोडली. बाकीची चॅनेलं आली, अगदी काचेसारखी. स्वयंपाकाचं आलं, गाण्यांचं आलं, कधी न पाहिलेलं घोड्यांच्या शर्यतीचंही आलं. आपलं गावचं चॅनेल तेवढं नाही. निळा पडदा, त्यावर ‘सिग्नल नाही’.

हे म्हणाले, “एवढी आलीत की. बघ त्यातलं काहीतरी.”

मी पुन्हा मशीनवर बसले. धागा दोनदा तुटला.

५ ऑक्टोबर
सातला निळा पडदा समोर ठेवून बसले. बातम्या संपायच्या वेळेला बंद केला. हे नेहमीसारखे गॅलरीत.

६ ऑक्टोबर
लिहूनच टाकते. कुणापाशी बोलणार?

सातच्या बातम्या आमची मनी वाचते. लहानपणी मांजरासारखी पायात पायात यायची म्हणून मनी. तीन वर्षं झाली, ती घरी आलेली नाही. तेव्हापासून रोज सातला मी तिला बघते. केस कापले ते तिथेच कळलं. सर्दी झाली की कळते. बारीक झाली, पुन्हा भरली, सगळं तिथेच. चित्र कधी फारसं चांगलं नसायचं, कडेला सावली यायची, वारा सुटला की मुंग्या. पण दिसायची. आवाज तर कधीच गेला नाही.

हे तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रावर पाळीप्रमुख होते. उन्हाळ्यात खालच्या वस्तीत गढूळ पाणी आलं, पोरं आजारी पडली, दवाखान्यात खाटा पुरेनात. संध्याकाळी मी आणि हे इथेच बसून बातम्या बघत होतो. मनीने वाचलं — केंद्राचं नाव, आणि पाळीप्रमुखाला निलंबित केलंय. समोरच्या कागदाकडे बघून वाचलं. एरवी ती मान वर करून वाचते.

यांना निलंबनाची चिठ्ठीही अजून मिळाली नव्हती. लेकीच्या तोंडून कळलं.

ती घरी आली तेव्हा हे दारातच उभे.

“तुला कधी कळलं?”

“दुपारी.”

“मग घरी फोन का नाही केलास?”

“बातमी बाहेर सांगता येत नाही, बाबा.”

“मी बाहेरचा?”

ती रडली नाही. म्हणाली, “मी वाचलं नसतं तर दुसऱ्या कुणी वाचलं असतं.”

“मग दुसरीला वाचू द्यायचं होतंस.”

तिने बॅग भरली. जाताना मला म्हणाली, “बाबा बोलावतील तेव्हा येईन. आणि आई, तुझ्याशी चोरून फोनवर बोलायचं नाही मला. त्यांना कळलं तर तूही बाहेरची होशील.” दोघांचा हेका एकाच साच्यातला.

पुढे चौकशीत निघालं की वस्तीच्या अलीकडे गटाराला लागून गेलेला नळ फुटला होता. केंद्राचं पाणी स्वच्छच होतं. यांना परत घेतलं, सन्मानाने निवृत्तही केलं. पण ते बातम्यांत आलं नाही. मी रोज वाट पाहिली.

तेव्हापासून सात वाजले की हे उठून गॅलरीत जातात. मी कधी हाक मारली नाही. त्यांनी कधी टीव्ही बंद कर म्हटलं नाही. आमच्यात एवढंच ठरलेलं, न बोलता.

९ ऑक्टोबर
अँटेनावाला येऊन गेला. चुणचुणीत माणूस, बोलका. गच्चीवर चढला, अँटेना इकडे फिरवली, तिकडे फिरवली. चॅनेल आलं! मी ओरडून सांगितलं. तो खाली उतरेपर्यंत गेलं.

“काकू, आधीचं बरं होतं. मुंग्या यायच्या पण माणूस दिसायचा. आता आलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. मधलं काही राहिलंच नाही.”

मी म्हटलं, मग मी काय करू? म्हणाला, मध्ये ती नवी इमारत उभी राहिलीय ना, ती अडवतेय. इमारत काही मी पाडू शकत नाही.

संध्याकाळी थोडा वेळ आलं, पण चौकोन चौकोन होऊन. मनीचा एक डोळा वर, हनुवटी बाजूला सरकलेली. तोंड उघडंच राहिलं, मिटेचना. आवाज तुटक — “जिल्ह्या… क… क… अधिका…” — आणि निळं. मला बघवलं नाही. काही न दिसलेलं परवडलं असतं.

१० ऑक्टोबर
निळं.

१२ ऑक्टोबर
वरच्या वहिनींना घेऊन गच्चीवर गेले. त्या सत्तरीच्या, पण काटक. मी वर अँटेनाची काठी धरली, त्या जिन्यात उभ्या राहून आमच्या उघड्या दारातून टीव्ही बघणार आणि सांगणार. मी इंचाइंचाने फिरवतेय, त्या ओरडताहेत, “आलं… आलं… गेलं. अहो, होतं तिथे न्या!” होतं तिथे म्हणजे कुठे, ते मला कसं कळावं? शेवटी दोघी हसत सुटलो. हसता हसता मला रडू आलं. वहिनींनी काही विचारलं नाही. त्यांना सगळं माहीत आहे, इमारतीत सगळ्यांनाच माहीत आहे. वर आल्या आणि पदराने माझ्या हाताला लागलेला गंज पुसला नुसता.

खाली आले तर हे म्हणाले, “कशाला एवढी तडफड? या वयात पडायचंय का गच्चीवरून?”

मी म्हटलं, “तुम्हाला नाही कळायचं.”

मोठ्याने म्हटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

१३ ऑक्टोबर
हे दिवसभर बोलले नाहीत. मीही नाही.

१५ ऑक्टोबर
आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी हे माळ्यावरून त्यांची पान्यांची पेटी काढून बसले. एक लोखंडी नळी कुठून तरी आणली होती, तिला आटे पाडले, तेल दिलं. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, “अँटेना उंच करतो. म्हणजे तुझी बडबड थांबेल.” गुडघा धरून धरून जिना चढले. मी मागून जात होते, तर म्हणाले, “तू टीव्हीसमोर बस. वर येऊन काय उजेड पाडणार?”

वारा सुटला होता. सातला निळा पडदा थरथरला आणि चित्र आलं. पूर्ण. सावली नाही, मुंग्या नाहीत. मनी. कानात छोटे डूल. ते मी कधी पाहिले नव्हते, म्हणजे असतीलही, पण दिसले नव्हते. डोळ्यांखाली काळं. एवढं स्पष्ट की हात लावावासा वाटला.

वरून आवाज आला, “आलं का?”

मी गॅलरीत धावले. “आलं!”

“मग येतो खाली.”

त्यांनी हात काढला आणि चित्र फुटलं. पुन्हा धावले. “गेलं! सोडू नका, धरून ठेवा!”

“बरं,” म्हणाले.

मी आत आले. चित्र पुन्हा सबंध. वर हे वाऱ्यात अँटेनाची नळी धरून उभे, खाली मी मनीला बघतेय. बातम्या संपेपर्यंत. मला उठावंसं वाटत होतं, त्यांचा गुडघा दुखत असणार, वारा अंगावर घेत असणार. पण उठले नाही. खरं सांगायचं तर उठवलंच नाही.

तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. शब्दाच्या शेवटी फाटत होता. आधी वाटलं डब्याचा दोष. पण बाकीच्यांचे आवाज ठीक होते.

हे खाली आले. हात गार, तळव्यावर नळीचे वळ. मी पाणी दिलं. अर्धं प्याले, भांडं हातातच ठेवलं आणि म्हणाले, “काय म्हणत होती?”

काय म्हणत होती. मी भिंतीकडे बघून सांगितलं — पावसाचा अंदाज, घाटातला रस्ता बंद, बाजार समितीची निवडणूक. एकेक बातमी. हे ऐकत राहिले.

“आणि?”

“आवाज बसलाय तिचा.”

उरलेलं पाणी प्याले. भांडं स्वतः घासून ठेवलं.

१६ ऑक्टोबर
पाऊस. गच्चीवर जाऊ दिलं नाही मी त्यांना. सातला निळं. पण हे गॅलरीत गेले नाहीत. खुर्चीत बसून निळ्या पडद्याकडे बघत होते. मी काही बोलले नाही, बोलले तर उठतील म्हणून.

१९ ऑक्टोबर
अँटेनावाला पुन्हा आला, सिग्नल वाढवायचं एक यंत्र आणि लांब खांब घेऊन. मी बोलावलं नव्हतं. यांनी बोलावलं. दोघे मिळून गच्चीवर खपत होते, वाद घालत होते, हे म्हणे खांबाला चार बाजूंनी तारेचे ताण द्या, तो म्हणे दोन बास. शेवटी चार दिले.

चॅनेल आलं, आणि टिकलं. हात सोडला तरी टिकलं. अँटेनावाला मिशीत हसत चहा पिऊन गेला.

सातला दोघं शेजारी बसलो. किती दिवसांनी. यांनी सदरा बदलला होता. मी बघितलं पण बघितल्याचं दाखवलं नाही.

बातम्या सुरू झाल्या. मनीच्या जागी दुसरी मुलगी.

२० ऑक्टोबर
तीच दुसरी मुलगी. छान वाचते. मान वर करून वाचते.

२२ ऑक्टोबर
आजही तीच. मनीला काढलं असेल का? गाव सोडून गेली असेल? लग्न केलं असेल, आम्हाला न सांगता? काहीबाही मनात येतं. शिवण उलटी घातली आज, सगळी उसवावी लागली.

यांना म्हटलं, चॅनेलवर फोन करून विचारू का? “नको,” म्हणाले. एवढंच. मला राग आला. वाटलं, अजून तोच ताठा. आणि मी उगीच काहीतरी समजून बसले होते.

सातला मी टीव्ही लावला नाही. यांनी उठून लावला.

२५ ऑक्टोबर
दुपारी फोन वाजला. अनोळखी मुलीचा आवाज.

“तक्रार करणारे काका आहेत का?”

“कुठले काका? कसली तक्रार?”

“मी चॅनेलवरून बोलतेय. फोन घ्यायला मीच असते. काका पहिल्या दिवसापासून फोन करतात, जवळजवळ रोजच. सातच्या बातम्या दिसत नाहीत म्हणून. मी विचारायचे, बाकीचे कार्यक्रम दिसतात का, तर म्हणायचे, बाकीच्यांचं मला काही नाही, माझ्या घरातलं माणूस सातला टीव्हीसमोर बसतं, तिला दिसायला पाहिजे.”

मी भाजीला जाते तेव्हा हे फोन करत असणार.

“आणि या आठवड्यात म्हणाले, चित्र आता चांगलं आहे, पण आधीची मुलगी कुठेय? आजारी आहे का? आवाज बसला होता तिचा. मी सांगितलं, तसं बाहेर सांगता येत नाही, काका. तर म्हणाले, हो, मला माहीत आहे, सांगता येत नाही. आणि फोन ठेवला.”

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“आज त्याच ताई रजेची कागदपत्रं द्यायला आल्या होत्या. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. नंतर आवाज पूर्वीसारखा येईल की नाही, आत्ता कुणीच सांगत नाही. म्हटलं, त्यांना जरा बरं वाटेल, म्हणून काकांचं सांगितलं. त्यांनी नंबर बघायला मागितला. बघितला आणि खालीच बसल्या. आता माझ्या शेजारी आहेत. खुणेने म्हणाल्या, फोन लाव, सगळं सांग. काकू, हे काका कोण त्यांचे?”

“वडील,” मी म्हटलं.

हे दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. पिशवी खाली ठेवून त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. कानाला लावला. बराच वेळ नुसता लावून उभे. तिकडून काय यायचं होतं, तिला तर बोलायचंच नाही. मला वाटलं ठेवून देतील. घाबरून मी त्यांची बाही धरली.

“मनी,” ते म्हणाले. “मी बोलतोय.”

तिचा श्वास ऐकत असतील.

“घरी ये. बोलू नकोस. नुसती ये.”

२६ ऑक्टोबर
तिची खोली झाडली. पडदे बदलले. यांनी खिडकीची कडी दुरुस्त केली.

२७ ऑक्टोबर
मनी आली. गळ्याला पट्टी. एक शब्द बोलत नाही, नुसती बघते. हे मात्र दुपारपासून बोलताहेत. केंद्र, तो फुटलेला नळ, चौकशीत कुणी काय विचारलं, ते दिवस कसे काढले — मलाही कधी सांगितलं नव्हतं. ती मान वर करून ऐकतेय. सात वाजून गेले, कुणाच्या लक्षातच आलं नाही.