खांबावरची गाय

प्रिय बाबेट,

आधी बातमी, मग खुशाली. आपल्या गावचा मे महिन्याचा खांब, पहिल्या तारखेच्या सणाला चौकात उभा करायच्या आधीच, चोरीला गेला! शेजारच्या मोर्टेनबाखवाल्यांनी नेला, भर दुपारी, माझ्याच कोठारातून, आणि हे लिहिताना मला इतकं हसू येतंय की शाई सांडायची. तू तिकडे ऑग्सबुर्गला भावाच्या घरी कपाळावर हात मारशील, झेन्झीला वेड लागलं म्हणशील. म्हण खुशाल. फेब्रुवारीत तुमच्या खिडकीची काच फुटली आणि तू नि इझाक दोन पेट्या घेऊन आगगाडीत बसलात, तेव्हापासून मी हसलेच नव्हते.

तुम्ही गेलात आणि त्या म्युनिकच्या पक्षाला रान मोकळं मिळालं. तो माजी लेफ्टनंट दर रविवारी दोन लॉऱ्या भरून माणसं आणायचा आणि माझ्या खानावळीत सभा घ्यायचा. “आपण युद्ध हरलोच नाही, घरभेद्यांनी पाठीत सुरा खुपसला!” असं म्हणून टेबलावर अशी मूठ आपटायचा की माझे पेले नाचायचे. माझा थोरला योहान युद्धात वेर्डनच्या चिखलात गेला, तुमचा माक्सही तिथेच गेला. कोणी कोणाला काय खुपसलं ते त्या दोघांना विचारायला हवं होतं. पण लोक ऐकायचे गं. पोरांना काम नाही, सकाळच्या नोटेला संध्याकाळी पाव येत नाही, आणि हा माणूस बूट वाटतो, सूप पाजतो, वर कोणावर राग काढायचा तेही सांगतो. आमचा धाकटा व्हिटुससुद्धा त्यांचा पट्टा दंडाला बांधून फिरायचा, ते तुला माहीतच आहे.

एप्रिल लागला तसं लेफ्टनंटनं फर्मान काढलं. यंदा खांबाच्या टोकाला पक्षाचा झेंडा लागणार, आणि खाली लागणाऱ्या गावातल्या धंद्यांच्या पाट्यांमधून इझाकची गाय उतरणार. लोहाराची ऐरण चालेल, बेकरचा पाव चालेल, गुरांच्या ज्यू व्यापाऱ्याची तांबडी गाय तेवढी नको. सरपंच म्हणाले, “एका पाटीपायी कशाला तंटा?” मी पाटी मुकाट काढली आणि मिठाच्या पिंपामागे लपवली. तेव्हा मला आपलं लहानपण आठवलं. राखणदार बिअर पिऊन घोरत पडलेले, मोर्टेनबाखवाल्यांनी खांब गाडीवर चढवलेला, आणि तू अनवाणी धावत जाऊन त्याच्यावर हात ठेवलास नि किंचाळलीस, “हा खांब इथंच राहील!” नियम म्हणजे नियम. गावच्या हद्दीत राखणाऱ्याचा हात पडला की चोरांनी खांब खाली ठेवायचा. ते दांडगे गडी माना खाली घालून परत गेले आणि गावानं तुला खांद्यावर घेऊन मिरवलं. त्याच गावाला आता तू उपरी वाटायला लागलीस! माझं डोकंच फिरलं.

म्हणून मग मी गद्दारी केली. हे तुला एकटीलाच सांगते. अंडी विकायच्या निमित्तानं मोर्टेनबाखला गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या गिरणीवाल्याला म्हटलं, “येत्या रविवारी सभा आहे. पहाऱ्यावरची पोरं आत जेवत असतील. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” म्हातारा डोळे मिचकावून म्हणाला, “झेन्झी, चाळीस वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय!” रविवारी मी डुक्कर भाजलं, बटाट्याचे गोळे केले आणि कडक बिअरचं पिंप फोडलं. लेफ्टनंट आत भाषण ठोकून जर्मनीला जागं करत होता तेव्हा खांब हद्दीपार झाला.

खरी मजा पुढे झाली. लेफ्टनंट लालबुंद होऊन ओरडला, “लॉऱ्या काढा! पोलिसांना बोलवा! काठ्या घेऊन खांब परत आणू!” आणि बाबेट, सगळं गाव उठून उभं राहिलं. तुमच्या नावानं तो बोटं मोडायचा तेव्हा गप्प बसणारी हीच माणसं. त्याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं. पण खांबाचा नियम मोडायचा म्हटल्यावर लोहार कडाडला, “पोलिस? चोरलेला खांब बिअर पाजून सोडवतात, साहेब. तुम्ही कुठल्या देशाचे?” बायकासुद्धा फिदीफिदी हसल्या. शेवटी सरपंचांनी त्याची टोपी त्याच्या हातात दिली. लॉऱ्या गेल्या, झेंडाही गेला.

मग आम्ही सोडवणुकीची बोलणी करायला गेलो. गिरणीवाल्यानं बिअर मागितली, ती ठरलेलीच. पण वर म्हणाला, “गाय कुठाय? आमच्या गोठ्यातली प्रत्येक गाय इझाककडची. एकच लंगडी निघाली, तीही त्यानं न बोलता परत घेतली. गायीशिवाय खांब मिळणार नाही. आणि पाटी ठोकायची ती त्या पोरीनं, जिनं आमच्या हातातला खांब काढून घेतला होता.” सरपंचांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. हे मात्र मी शिकवलेलं नव्हतं हो!

आता, हे पत्र कशाला लिहिलं ते सांगते. त्या रविवारी कोठारावर व्हिटुसचा पहारा होता, आणि तो जेवायला आत आलाच नाही. मी मागच्या दारी गेले तर खांब गाडीवर, गिरणीवाल्याची माणसं थिजलेली, आणि हा दोन पावलांवर उभा. नुसता हात ठेवायचा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि दोन्ही हात खिशात घातले. तुमच्या खिडकीवर दगड कोणी मारला ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. आपण दोघींनी ते तोंडातून काढलं नाही, एवढंच. दंडाचा पट्टा त्यानं त्याच दिवशी चुलीत घातला. काल तुमच्या खिडकीला नवी काच बसवली, जराशी वाकडी बसलीय. “बाबेटमावशी माझ्याशी बोलेल का?” असं सारखं विचारतो. मी म्हटलं, “मला काय विचारतोस? तिलाच विचार.” शनिवारी तुम्ही प्रवास करत नाही, म्हणून सोमवारची गाडी धरा. तो स्टेशनवर घोडागाडी घेऊन उभा असेल. त्या झेंडेवाल्यांची धास्ती आता मुळीच बाळगू नकोस, पुढच्या मेपर्यंत त्यांचं नावही कोणाच्या लक्षात राहायचं नाही. मंगळवारी खांब उभा राहायचाय. गाय पुसून ठेवली आहे, हातोडी तयार आहे, अख्खं गाव खोळंबलंय. घरी ये.

वाट बघणारी तुझीच,
झेन्झी