विनातिकीट कंडक्टरबाई

दि. १४ मे, सकाळ
स्वस्तातलं प्रवासी वसतिगृह, आठ खाटांची खोली, वरची खाट

अहो,

चालकमहाशयांना वाहकाचा नमस्कार. मी खुशाल आहे, गुडघा सोडून. तुम्ही गोळ्या वेळेवर घेत असाल असं धरून चालते. घेत नसाल तर आल्यावर बघतेच.

पत्र बघून दचकू नका. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच "बरं बरं" म्हणता आणि मी सुटते. या खेपेला सुटायचं नाही, असं ठरवलंय.

या परदेशाच्या सहलीला निघताना तुम्ही एकच विचारलं होतंत, "लेकीच्या गावावरून जाणार का?" मी म्हटलं होतं, "वाटेत आलं तर बघू." आज सहावा दिवस, मी तिच्याच गावात आहे. भेटली. कशी ते क्रमाने सांगते. पुढची पानं आधी उलटू नका, मला तुमची सवय माहीत आहे.

आधी गावाचं सांगते. इथली महागाई बघून डोळे पांढरे होतात. बसचं एक तिकीट म्हणजे आपल्याकडे दोघांचं पोटभर जेवण. फंडातून काढलेले पैसे दहा दिवस पुरवायचे, म्हणून ठरवलं की चालायचं. चार दिवस बसची पायरी चढले नाही. पर्यटकांच्या नावेचं तिकीट भारी, पण कामावर जाणाऱ्यांची साधी नाव त्याच नदीतून, त्याच पुलांखालून जाते आणि पाचव्या हिश्शात पडते. तिकीटही धक्क्यावरच्या खिडकीत मिळतं. फरक एवढाच, की तिथे माईकवर कुणी माहिती सांगत नाही. सगळे पेंगत असतात.

संग्रहालय आठवड्यातून एक दिवस तीननंतर फुकट. मी अडीचलाच दारात. संगीत विद्यालयात मुलांच्या परीक्षा चालतात, तिथे कुणीही जाऊन बसावं. एका मुलीने इतकं गोड वाजवलं की मी जोरात टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच नापास झाले. ती मुलगी मात्र हसली.

बघा, दुनियेचं सांगून झालं. मुद्द्याचं राहिलंच.

या चार दिवसांत रोज दोनदा मी तिच्या कारखान्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. चष्म्याच्या काचा घासायचं काम करते ती. मला हे कसं माहीत, असं तुम्ही आता विचाराल. तिथवर येतेच आहे.

काल गुडघा सुजला. म्हटलं, आज बसने जाऊ, एक तिकीट गेलं तर गेलं. मागच्या दाराने चढले, जागा पकडली, सुटे पैसे मुठीत घेऊन कंडक्टरची वाट बघत बसले. एकतीस वर्षं लोकांना "सुटे द्या, सुटे" म्हणून ओरडले, तेव्हा मी तरी मोजून सुटे ठेवायला नकोत? दोन थांबे गेले, चार गेले. मनात म्हटलं, काय आळशी माणूस आहे, पुढेच गप्पा मारत बसला असेल! आपल्या डेपोत असता तर मेमोच मिळाला असता.

अहो, इथे कंडक्टर नसतोच. तिकीट आधी यंत्रातून काढायचं असतं.

साध्या कपड्यांतली एक बाई समोर आली आणि तिने हात पुढे केला. मी ऐटीत पैसे तिच्या हातावर ठेवले. ती तपासनीस निघाली. दंड सांगितला तिकिटाच्या चाळीस पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच. पर्समधला बिल्ला काढून दाखवला, छातीवर हात मारून सांगितलं, "मी पण कंडक्टर!" तिला कळलं असावं, कारण तिने बिल्ला दोन्ही हातांनी परत दिला. दंड मात्र सोडला नाही. मीही सोडला नसता.

मला बोलता येईना, तिला समजेना. पुढच्या थांब्यावर उतरून तिने फोनवर भाषांतर करून विचारलं, इथे ओळखीचं कुणी आहे का? मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नंबर दिला.

वीस मिनिटांत लेक आली. ॲप्रनवर काचेची पांढरी भुकटी. वाळली आहे, पण चालणं तुमच्यासारखंच, खांदे पाडून.

"तिकीट काढलं नाहीस? तू?" एवढं म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता रडायलाच लागली. मीही तेच केलं. दंड मी माझ्या पैशांतून भरला आणि पावती मागून घेतली. ती बाई गेल्यावर लेकीने पहिला प्रश्न केला.

"बाबांनी पाठवलं का गं तुला? गेला त्यांचा राग?"

आता नीट वाचा.

तिने परदेशी जायचं तुम्हाला डेपोच्या कँटीनमध्ये आधी सांगितलं, आणि तुम्ही "जा" म्हणालात. मला दोन दिवसांनी कळलं. नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि परवानगी तुमची. तो काटा रुतला. तिचा पहिला फोन आला तेव्हा तुम्ही ड्युटीवर होतात. मी कशी आहे हे विचारायच्या आधी तिने विचारलं, "बाबा कुठेत?" मी म्हटलं, "त्यांना तुझा आवाजसुद्धा नको आहे." आणि तुम्हाला सांगितलं, तिने नंबर बदलला, कळवला नाही, तिला आपण नकोत.

रागाच्या भरात एक दिवसासाठी बोलले. उद्या सांगू म्हटलं. त्या उद्याला चार वर्षं झाली. तुम्ही ड्युटीवर असताना ती मला फोन करायची, दर वेळी विचारायची, राग गेला का. मी दर वेळी म्हणायची, अजून नाही. गेल्या वर्षी तुम्ही निवृत्त होऊन घरी बसलात, तेव्हा तिला सांगितलं, आता फोनच नको.

माझ्या त्या पहिल्या खोट्यानंतर सहाच महिन्यांत तुम्ही तिचं नाव काढणं सोडून दिलं होतंत. त्यापेक्षा मला शिव्या घातल्या असत्यात तर बरं होतं.

काल थांब्यावर तिला म्हटलं, "त्यांना राग नव्हताच कधी." ती उठून पार रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. वाटलं, गेलीच. परत आली, शेजारी बसली नाही, उभीच राहिली.

"हे बाबांना तू सांगायचंस. मी सांगितलं तर चहाडी होईल. तू सांगितल्यावर त्यांनी मला फोन करायचा. तोवर मी करणार नाही."

"आणि मला?" मी विचारलं.

"गुडघ्याला आधी शेक दे," म्हणाली आणि कामावर गेली. एवढंच.

म्हणून हे पत्र. जलद टपालाला दंडाएवढेच पैसे पडतात, पण माझ्याआधी ते तुमच्या हातात पडायलाच हवं. उरलेले दिवस नावही बंद, संग्रहालयही बंद, सगळीकडे पायीच. गुडघा काय म्हणायचं ते म्हणू दे.

मी माफी मागत नाही, कारण मी मागितली की तुम्ही लगेच देऊन टाकता, तसा तुमचा स्वभाव. या वेळी लगेच देऊ नका. रागवा, भांडी आपटा, घराला कुलूप लावून गावभर फिरा. मी वीस तारखेला येते. दार उघडायचं की नाही, ते तेव्हा ठरवा. नाही उघडलंत तर पायरीवर बसेन, पण खोटं बोलून आत येणार नाही.

मात्र त्याआधी एक काम करा. तिचा नंबर पत्राच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिला आहे, चष्मा नसला तरी दिसेल. तिची जेवणाची सुट्टी म्हणजे आपल्याकडची संध्याकाळची पाचची वेळ. ती रोज फोन हातात घेऊन बसणार आहे, मला तसं म्हणाली नाही, पण मी तिची आई आहे, एवढं कळतं. माझं पत्र दुसऱ्यांदा वाचत बसू नका. आधी तिला फोन लावा.

तुमची लेक तुमच्यापासून चोरणारी,
तुमचीच