खारट पेला

बुधवार, २९ जानेवारी २०२५

नवे पाळकसाहेब, रेव्हरंड स्वानंद, पाच रविवार एकाच विषयावर बोलणार आहेत म्हणे – देवाचं भय. आज प्रार्थनासभेत जाहीर केलं. वय बत्तीस, दाढी कोरलेली, आणि साठीतल्या बायकांना भय शिकवणार!

मी विचारलंच. भय म्हणजे भीती का? तर म्हणे, "नाही सगुणाबाई. आदर." मग आदर म्हणा की सरळ. त्यावर जरा अडखळले. म्हणाले, "नुसत्या आदराने हात थरथरत नाहीत. शेजारणीचं नुकतं न्हाऊ घातलेलं ओलं बाळ तुमच्या हातात दिलं, तर कसं धरता? बाळाला घाबरता का?" बाळाला कोण घाबरतंय. आपल्या हातून पडेल म्हणून घाबरते मी. "तेच ते," म्हणाले आणि चहाकडे गेले.

घरी येताना रतनला विचारलं, तुला काही कळलं का? म्हणाला, समोसे गरम होते. हा माझा नवरा.

शनिवार, १ फेब्रुवारी

घात झाला.

उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन – सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि छोटा पेला द्राक्षरस घ्यायचा. आमच्या चर्चमध्ये त्याचा रस बाजारातून आणलेला चालत नाही. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, मंद आचेवर उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. सासूबाई गेल्यापासून हा मान माझा. त्यांचा एक नियम – रस चाखायचा नाही. प्रभूच्या मेजावर जायच्या आधी आपण तोंड लावायचं नाही.

तर पातेलं गॅसवर, आणि विमलाबाईंचा फोन. पाळकीणबाईंनी बंगल्याला जांभळे पडदे लावलेत. आता या विषयाला वेळ लागतोच. वास आला तेव्हा मनुकांचा कोळसा झाला होता.

पाळकसाहेबांना सांगता आलं असतं. ते म्हणाले असते, काही हरकत नाही, ज्यूसचं खोकं आणू. पण मग सगळ्या मंडळीला कळणार. आणि मंडळीला कळलं की कोपरीत राहणाऱ्या कांताला कळणार. कांता माझी धाकटी जाऊ. सासूबाईंनी रस करायला खरं तिलाच शिकवलं, असं तिचं म्हणणं. हा मान मी मोठी म्हणून घेतला, तेव्हापासून ती आमचं चर्च सोडून ठाण्यातल्या चर्चला जाते आणि माझ्याशी बोलत नाही. तिला हसायला मी कारण देऊ? मेले तरी नाही.

फ्रिजमध्ये शेजारच्या शिवानीने वेंगुर्ल्याहून आणलेलं आगळ होतं. कोकमाचं. लालभडक. पाणी घातलं, तीन वाट्या साखर घातली, बरणीत भरलं. रंग हुबेहूब. देव मन बघतो. रंग बघायला पाळकीणबाई आहेत.

चाखलं नाही. नियम म्हणजे नियम.

रविवार, २ फेब्रुवारी

आगळात मीठ असतं. हे मला माहीत आहे. काल आठवलं नाही, एवढंच.

काचेचे छोटे पेले ट्रेमधून रांगेरांगेत फिरले. सगळ्यांनी एकदम ओठाला लावले. आणि जी शांतता पसरली! खोकणारे खोकायचे थांबले. विमलाबाईंनी डोळे मिटले ते उघडेचनात. पियानोवाल्या ऋतुराजचा सूर चुकला. पाळकसाहेबांनी पेला प्यायला, पेल्याकडे बघितलं, मग वर छताकडे बघितलं. मी जमिनीकडे.

वाटलं, आता संपलं. आता कोणीतरी विचारणार. पण कोणी कोणाकडे बघेच ना. सगळे माना खाली घालून बाहेर पडले.

आणि फाटकापाशी काय बघते – सीतारामभाऊ राघोच्या गळ्यात पडून रडताहेत! सख्खे भाऊ, मोहन्याला एकाच चाळीत वाढलेले. आईच्या कबरीच्या दगडावर कोणाचं नाव आधी कोरायचं यावरून भांडले, ते चर्चमध्ये सुद्धा एक या टोकाला बसतो, एक त्या टोकाला. दगड अजून कोराच आहे.

काय झालं कोणाला कळेना. मला कळलं, पण मी कशाला बोलू.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रार्थनासभेला बसायला जागा नाही. सीतारामभाऊ साक्ष द्यायला उभे राहिले. "पेला तोंडाला लावला, आणि खारट. समुद्रासारखा. मला वाटलं, माझ्या एकट्याच्याच पेल्यात देवाने माझं पाप ढवळलं."

तर चारी बाजूंनी, "माझा पण! माझा पण!" प्रत्येकाला वाटत होतं, आपलाच खारट. म्हणून कोणी शेजारच्याला विचारलं नाही. विचारलं तर आपलं काय ते उघडं पडेल ना.

मग रांगच लागली. विमलाबाईंनी गेल्या सहलीला चर्चचं मोठं पातेलं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं, ते त्या डोक्यावरच घेऊन आल्या. ऋतुराज प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायच्या ऐवजी क्रिकेटचा स्कोअर बघतो. आणि पाळकीणबाई माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मला माफ करा. तुमच्या रसाला मी खोकल्याचं औषध म्हणायचे."

म्हणायचे! म्हणजे एकदा नाही. मी हसून माफ केलं. अजून राग गेलेला नाही.

कोणीतरी विचारलं, सगुणाबाई, तुम्हाला कसा लागला? म्हटलं, मला काय, माझं कोणाशी वाकडं नाही. मागून रतन खोकला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रतनला करपलेलं पातेलं सापडलं. मोरीत लपवलं होतं. आगळाची रिकामी बाटलीही तिथेच.

जेवून उठताना म्हणाला, "मला खारट लागलं तेव्हा वाटलं, बीपी वाढलं. गोळी दुप्पट घेतली." मग म्हणाला, "सांगून टाक."

म्हटलं, सांगितलं तर ते दोघे भाऊ पुन्हा भांडतील. एवढं चांगलं झालंय ते मोडू?

"म्हणजे देवाचं सगळं काम तुझ्या आगळावर चाललंय?"

या माणसाला वर्षातून एकदा तोंड फुटतं, ते नेमकं माझ्यावर. मी भांडी आपटली.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज सांगणारच होते. पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेलेसुद्धा. पडदे खरंच जांभळे आहेत.

पण ते इतके खूश! म्हणाले, कबरीचा दगड कोरायला दिला, दोन्ही भावांची नावं एका ओळीत. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. "सगुणाबाई, मी पाच रविवार बोलून जे झालं नसतं, ते एका पेल्याने झालं." मी म्हटलं, हो ना. आणि पडदे छान आहेत म्हटलं.

माझ्यासारखी भित्री बाई सापडायची नाही. देवाला सोडून सगळ्यांना भिते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आता लोक पुढच्या प्रभुभोजनाला घाबरायला लागलेत. दोघीतिघींनी त्या रविवारी गावाला जायचं ठरवलंय. खरं म्हणजे त्यांना गाव नाही.

सीतारामभाऊ सभेनंतर माझ्यापाशी आले. आवाज खाली करून म्हणाले, "सगुणाताई, तुमच्या हातचा रस, तुम्हाला म्हणून सांगतो. या खेपेला गोड लागला, तर समजेन देवाने माफ केलं. खारट लागला, तर काय करायचं?"

सत्तरीचा माणूस, आणि माझ्या तोंडाकडे बघतोय, मी जणू देवाची सेक्रेटरी. त्यांना म्हटलं, प्रार्थना करा. स्वतःला काय म्हणू?

शनिवार, १ मार्च

मनुका बाजारातून निवडून आणल्या. फोन बंद करून ठेवला. पातेल्यासमोर स्टूल टाकून बसले, हललेच नाही.

गाळताना एक विचार आला. लिहायला लाज वाटते. चिमूटभर मीठ टाकलं तर? सगळे असेच भीत राहतील, असेच चांगले वागतील. पाळकीणबाई माझे हात धरत राहतील. मिठाचा डबा हातात होता. मग सीतारामभाऊंचं तोंड डोळ्यांसमोर आलं. डबा ठेवून दिला.

मग सासूबाईंचा नियम मोडला. चमचाभर चाखला. पुन्हा चाखला. रतनलाही दिला. म्हणाला, गोड आहे. "नक्की?" "अगं, गोड आहे."

रविवार, २ मार्च

सगळ्यांना गोड लागला. सीतारामभाऊ पेला हातात धरून हसत होते आणि रडत होते, राघो त्यांची पाठ थोपटत होता.

मला खारट लागला.

त्याच बरणीतला. शेवटच्या थेंबापर्यंत. पेला हातात ठरेना, दोन्ही हातांनी धरला. कोणी बघतंय का, हे बघायचं राहूनच गेलं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना आणि दोघा भावांना थांबवून सगळं सांगितलं. भाऊ एकाच रिक्षाने घरी गेले.

घरी येऊन कांताला फोन लावला. उचलत नाहीये. पुन्हा लावते.