कापरी रेघ

शास्त्रीनगर, जयपूर
जून १९८६

तीर्थरूप बापू,
विजूचा तुम्हा दोघांना नमस्कार.

इथे ऊन मरणाचं आहे, पण कूलर घेतलाय, काळजी नको. मी शाईकामाला बसले की मात्र तो बंद करते, नाहीतर कागदावर तुषार उडतात. मग हे घाम पुसत कुरकुरतात.

दिल्लीहून कॉमिकची पानं येतात, नुसती पेन्सिलने काढलेली. मी त्यांवर ब्रशने शाई चढवते आणि ती वाळली की पेन्सिल खोडते. तिथला चित्रकार भारी घाईचा. परवा राक्षसाच्या हाताला सहा बोटं होती, मी पाचच ठेवली. त्याची रेघ कापरी असली, तर तुम्ही दुकानांच्या पाट्यांवर ओढायचात तशी, श्वास रोखून एका दमात ओढते. छापल्यावर कुणाला कळत नाही.

तुमचा हात कसा आहे? कापतो म्हणून तुम्ही पाट्या सोडल्यात आणि ब्रशही वाटून टाकताय, असं आईने कळवलंय. हा कुठला शहाणपणा? एकही ब्रश कुणाला द्यायचा नाही.

सोबत कोरा कागद पाठवलाय. त्यावर पेन्सिलने आईला काढा. रेघ कापली तर कापू दे. शाई मी चढवते.

तुमची पेन्सिल मात्र खोडणार नाही.

तुमची
विजू