डावा हात भाता शोधतो

१२ ऑक्टो.
यवतमाळला गेलो. डॉ. मंजूबाईंचा निरोप होता, जुनी पेटी बिघडली आहे, बघाल का. त्या तीस वर्षं जर्मनीत होत्या, आता वडिलांच्या घरी परत आल्यात. उघडून पाहिलं तर आत हवेवर वाजणारे सूर नाहीत, भाता नाही. नुसत्या पितळी तारा. पट्टी दाबली की तिच्या टोकाचं पितळी पातं तारेला जाऊन टेकतं. आवाज डासाएवढा. म्हटलं, बाई, ही पेटी नाही. त्या हसल्या. "क्लॅविकॉर्ड. पियानोची पणजी समजा."
तारांमध्ये विणलेली लोकरीची पट्टी कसरीने खाल्लेली. म्हणून सूर थांबत नाही, सगळं गुणगुणत राहतं.
वाजवायची पट्टी दाबून बोट जरा हलवलं. सूर हलला. पुन्हा हलवलं. पुन्हा हलला! पस्तीस वर्षं पेटी वाजवली, सूर कधी वाकला नाही. थोरला भाऊ, दादा, भजनात गंधारावर झुलायचा आणि मी खाली काठीसारखा सरळ.
दुरुस्तीला घरी नेऊ का, विचारलं. हो म्हणाल्या.

१३ ऑक्टो.
कालचं राहिलं. नेरच्या बसमध्ये कंडक्टर : "गुरुजी, हे काय हाय? पाळणा?" वाद्य आहे म्हटलं. "वाजवा मंग." वाजवलं. "काहीच नाही आयकू येऊन राह्यलं." म्हटलं, मलाही नाही. अख्खी बस हसली.

२० ऑक्टो.
किसन राठोड आला. आमच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. तांड्यावरून दर आठवड्याला येतो, कपाटावरच्या माझ्या पेटीकडे बघतो, चहा पितो, जातो. दादा गेला तेव्हापासून, म्हणजे आठ महिने, पेटी गवसणीत आहे.
आज बोलला. "मास्तर, दादाच्या वर्षश्राद्धाले पारावर भजन ठेवतो म्हणते मंडळ. पण तुमची पेटी असन तरच. नाही तं तेरवीसारखं जेवू अन् घरी जाऊ."
नाही म्हटलं.
"काहून?"
विषय बदलायला नवीन वाद्य दाखवलं. त्याने कान लावून ऐकलं. "हे तं मुकी पेटी हाय. मालकावर गेली."

२ नोव्हें.
तारा नागपूरहून आल्या. बसवल्या. लोकरीची पट्टी बाजारात मिळेना. वहिनींना विचारलं, लोकरीचं जुनं काही आहे का. त्यांनी दादाचा मफलर आणला. काकड्याला गळ्याभोवती असायचा तो. मी नको म्हणालो.
"भाऊजी, टरंकीत ठेवला तं कसरच खाईन." स्वतःच कात्री घेतली. पट्ट्या अगदी सरळ कापल्या, माझ्याच्याने झाल्या नसत्या. मी तारांमध्ये विणल्या.
आता बोट उचललं की सूर थांबतो.

९ नोव्हें. रवि.
वाद्य परत द्यायला नेलं. मंजूबाईंचे सांधे धरलेत, वाजवणं होत नाही. म्हणाल्या, तुम्हीच ठेवा, दर रविवारी घेऊन या, शिकवते. तिथेच पहिला धडा. दोन्ही हातांनी वाजवायचं. माझा डावा हात दर दोन ओळींनी वाद्याच्या मागे जातो आणि हवेत भाता हलवतो. "मधुकरराव, तिकडे काय शोधताय?" तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्या चष्मा काढून हसत बसल्या. मीही.

३० नोव्हें. रवि.
डावा हात वीस मिनिटं मागे गेला नाही. आज नवीन धडा, तीनशे वर्षांपूर्वीचा. मी सरगम करून वहीत उतरवला. यात डावा आधी निघतो, उजवा मागून तेच म्हणत येतो, पुढे अदलाबदल.
मंजूबाईंना सांगितलं, मला आधी निघता येत नाही. मी साथीदार. आधी दादाचा सूर, मग माझा. दादा नाही तर कोणाच्या मागे जाणार. इतकं बहुधा पहिल्यांदाच कोणाशी बोललो.
त्या म्हणाल्या, "मग डाव्याला दादा समजा."
तीन वेळा अडलो. चौथ्यांदा पार.

१७ डिसें.
वहिनी तुरीच्या शेंगा सोलायला माझ्या खोलीत येऊन बसतात. बाहेरून ऐकू येत नाही म्हणे. आज दादाची एक चाल वाजवत होतो. अंतऱ्याला कोणीतरी गुणगुणलं. वर पाहिलं तर वहिनींचं लक्ष शेंगांत.
"पाठ आहे तुम्हाला?"
"तीस वर्ष सैपाकखोलीतून आयकलं. भिंतीले बी पाठ झालं असन."
चाल पुन्हा धरली, जरा खालच्या सुरात. त्या पूर्ण म्हणाल्या. आवाज चांगला आहे. दादाला हे माहीत होतं का?

१४ जाने.
संक्रांत. दादा तिळाचे लाडू खिशात घालून भजनाला यायचा, मलाही द्यायचा, आणि मग पेटीच्या पट्ट्या चिकट. दिवसभर तेच आठवत होतं. वाजवलं नाही.

२५ जाने.
किसन म्हणतो, मुकी पेटीच न्या पारावर. म्हटलं, तुझ्या ढोलकीपुढे? "मी करंगळीनं वाजवीन." म्हटलं, मग गावाला श्वास धरून बसावं लागेल. "सरपंचाले जमन, बाकीच्याईचं सांगता नाही येत."
वहिनी इतक्या हसल्या की चहा सांडला.

११ फेब्रु.
वर्षश्राद्ध उद्या. संध्याकाळी किसन ढोलकी घेऊनच आला. भिंतीला टेकून बसला. मी उठून कपाटावरची पेटी काढली. गवसणी काढली. समोर वहिनी वाती वळत होत्या.
बसलो. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून दादाची चाल सुरू केली. आवाजच नाही. पुन्हा दाबलं. नाही.
किसन ओरडला, "मास्तर, हवा!"
डावा हात भाता विसरला होता. किसन हसून हसून ढोलकीवर आडवा. मला तर डोळे पुसायला रुमाल लागला.
वहिनींनी वाती बाजूला ठेवल्या, समोरून हात लांबवला आणि भाता मारायला लागल्या. आधी फार जोरात, मग लयीत. मी दोन्ही हातांनी वाजवलं. डाव्याने चाल धरली, उजवा मागून. किसनने खरंच करंगळी लावली.
चाल संपली. किसनने विचारलं, "मंग उद्या पह्यली ओळ कोन म्हणन?"
वहिनींनी पहिली ओळ हळूच गुणगुणली. भाताही सोडला नाही.
गवसणी धुवायला टाकली आहे.