हात लावू नये

३ फेब्रुवारी
नोटीस बोर्डावर जाहिरात. जीवशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी 'विज्ञान धोरण नेतृत्व फेलोशिप'. शास्त्रज्ञ आणि सरकार यांच्यातला दुवा व्हायचं. वाचताक्षणी कळलं, हे मला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. खाली 'सर्वांनी अर्ज करावेत' असं होतं, पण तसं लिहावंच लागतं.
संकल्प: आजपासून नेतृत्व.

४ फेब्रुवारी
गाइड मॅडमना सांगितलं. मायक्रोस्कोपवरून मान वर न करता म्हणाल्या, आधी बेडकांचं बघ.
बेडकांचं काय बघायचंय? तीन पावसाळे मी गुडघाभर चिखलात उभा राहून एका तळ्यातल्या बेडकांच्या कातडीवरची बुरशी गोळा केली. मग तळं बुजवून तिथे पार्किंग केलं. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. त्या तळ्याचं जे काही उरलंय ते उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये एका डब्यात आहे. तपासणी तेवढी राहिली आहे. नमुने काही उड्या मारत पळून जात नाहीत.
आणि तळी वाचवायची तर धोरणातच शिरायला हवं. मॅडमना मोठं चित्र दिसत नाही. मायक्रोस्कोपचा दोष.

९ फेब्रुवारी
अर्जात एक रकाना: 'आपण राबवलेले धोरण'.
एकही नाही. राबवावं लागेल.

११ फेब्रुवारी, दुपार
सापडलं. तो फ्रीजरच. दार उघडलं की बर्फ अंगावर येतो. डबे कोणाचे, कधीचे, देवाला ठाऊक. पास होऊन संसाराला लागलेल्यांचेही असतील.
'शीतसाठा सुधार धोरण' लिहायला घेतलं. प्रत्येक डब्यावर नाव, तारीख, आतल्या वस्तूचं नाव. नसेल तर महिनाअखेर डबा नष्ट.

१२ फेब्रुवारी
मॅडमनी सही केली. सही करता करता म्हणाल्या, तुझ्या डब्यावर नाव घाल, बोर्डावर सगळ्यांना शहाणपण शिकवशील आणि दिव्याखाली अंधार.
म्हटलं, माझ्या डब्यावर पहिल्या वर्षापासून ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. कोणाची बिशाद नाही. तरी उद्या बघतो.

१३ फेब्रुवारी
बघायचं राहिलं. धोरणाचा फॉन्ट ठरत नव्हता.
एक कलम वाढवलं: 'या नियमाला अपवाद नाही. खुद्द धोरणकर्तासुद्धा नाही.' अर्जात हे वाक्य शोभून दिसतं.

१८ फेब्रुवारी
सगळे मुकाट्याने लेबलं लावतायत. मी जवळ जाऊन 'छान' म्हणतो. एकाने विचारलं, तुमचं झालं का? हसलो. लोकांना हसरा नेता आवडतो.
आईचा फोन. काय मिळणार म्हणाली. नेतृत्व, म्हटलं. तिने विचारलं, त्याला पगार असतो का.

२५ फेब्रुवारी
निवड शिबिराला बोलावलं! दोन दिवस, परगावी. नेमकी महिनाअखेर. डबे नष्ट करायचं काम स्टोअरच्या काकांकडे सोपवलं. कामं वाटून देणं हेही नेतृत्वच.
लेबल जायच्या आधी लावतो.

२७ फेब्रुवारी
गाडी सकाळी लवकरची. इस्त्री राहिली होती.

२८ फेब्रुवारी, शिबिर
विषय: 'कठोर निर्णय'. मी फ्रीजरचं उदाहरण दिलं. परीक्षक बाईंनी मान डोलावली.
तेवढ्यात काकांचा मेसेज. बाकी सगळं जमलं, एकाच डब्यावर नाव नाही, तारीख नाही, नुसतं 'हात लावू नये' लिहिलंय, काय करू?
असे महाभाग असतातच. नाव घालायला यांचे हात दुखतात. मी सगळ्यांसमोर मेसेज वाचून दाखवला आणि तिथल्या तिथे उत्तर पाठवलं: 'सुक्याबरोबर ओलंही जळतं, काका. नियम म्हणजे नियम.' टाळ्या पडल्या.

१ मार्च
निवड झाली. अट एकच, प्रबंध याच वर्षी सादर होणार असं गाइडचं पत्र हवं. किरकोळ बाब. परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली.

२ मार्च
फ्रीजर चकाचक. माझा कप्पाही.
काकांना विचारलं. म्हणाले, "तुम्हाला विचारूनच टाकला हो. मला काय माहीत आत बेडूक आहेत."
काकांचं बरोबर आहे. अक्षर माझंच होतं. पहिल्या वर्षी मार्कर नवीन होता, हौसेने जाड लिहिलं होतं.
जेवलो. भूक लागली होती.

३ मार्च
मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुन्हा गोळा करता येतील का, असं विचारलं आणि त्यांचं त्यांनाच आठवलं. मग चष्मा पुसत बसल्या.
पत्राचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही.

६ मार्च
पार्किंगपर्यंत जाऊन आलो. जिथे उभा राहायचो तिथे एक पांढरी गाडी होती. रखवालदार म्हणाला, गाडी नसेल तर आत थांबू नका. नियम आहे.
वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बूट तेवढे कोरडे राहिले.

१० मार्च
फेलोशिपला नकार कळवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. फार हळहळले आहेत. फ्रीजरचं धोरण आदर्श आहे, नव्या उमेदवारांना दाखवायला वापरू का, असं विचारलंय.
हो म्हटलं.
आईला फोनवर सांगितलं, नेतृत्व झालं. "बरं," म्हणाली, "जेवलास का?"

११ मार्च
कप्पा मोकळा ठेवला तर दुसरं कोणी घेईल म्हणून नवा डबा ठेवला. लेबल लावलं. नाव घातलं, तारीख घातली. आतल्या वस्तूच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं.
काकांनी तपासून बरोबरची खूण केली.