पाठीवरची गाठ

अहो,

दुसरं काय म्हणावं ते अजून सुचत नाही, म्हणून जुनंच.

वन्सं भेटल्या. तुमच्या नव्या बायकोने तुम्हाला सर्जनकडे नेलं आणि पाठीवरची गाठ पिशवीसकट काढून आणली म्हणे. वीस मिनिटं, तीन टाके. वर मलाच विचारतात, "वहिनी, नऊ वर्षं तुम्ही काय करत होतात?" माझ्या पोटात दुखलं, नाही कशाला म्हणू.

मी शेकत होते. गाठ फुगली की तुम्ही शर्ट काढून माझ्यापुढे स्टुलावर बसायचात. मी गरम फडक्याने शेकून दाबायचे. ती बसायची, दोन महिन्यांनी पुन्हा भरायची.

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं सांगते. डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं, "दाबू नका. आतली पिशवी काढली नाही तर गाठ परत येणारच." तुम्ही तेव्हा बाहेर गाडी काढत होतात. मी गाडीत बसून म्हटलं, "शेकायला सांगितलंय."

एरवी तुम्ही माझ्याजवळ बसतच नव्हतात.

वन्सं म्हणाल्या, हल्ली संध्याकाळी तुम्ही तिच्याशेजारी बसलेले असता. काही दुखत नसताना.

तुमची, म्हणजे पूर्वीची